उपासाचे चिप्स

डॉक्टर त्र्यंबक पाठकांनी इंग्लंडची गोष्ट काढली की कांचन पाणी प्यायला उठायची. तहान वगैरे काही नसायची. पण बसून राहिली असती तर हातातला पेला तिने त्यांच्या टाळक्यात घातला असता, आणि अमेरिकेतल्या त्यांच्या मराठी मंडळाला नवा अध्यक्ष शोधावा लागला असता.

गोष्ट ठरलेली. कुणाच्याही घरी जेवणं झाली, पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये सोफ्यांवर रेलली, की डॉक्टर सुरू करत. "इंग्रजांकडे चवी दोनच. एक मीठ, आणि दुसरी मीठ घालायचं राहिलं ती." लोक हसत. मग आवाज थोडा चढवून, "आणि त्यातून तो कामगार वर्ग! आतडी खातात, यार. रक्ताचं सॉसेज खातात. आणि त्या हिरव्या वाटाण्याचा लगदा. अहो, आपल्याकडे गळवावर पोटीस बांधतात ना, ते यांनी ताटात वाढून घेतलंय!" पुन्हा हशा. डॉक्टरांच्या पत्नी पद्मिनीताई हे शंभराव्यांदा ऐकत असल्या तरी त्याही हसत. शेवटी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत की लीड्सला चार वर्षं काढली, पण आईला वचन दिलं होतं; अभक्ष्याचा कणही पोटात गेला नाही. "चिप्स! ओन्ली चिप्स! बोटाएवढे जाड बटाट्याचे तुकडे, तळलेले, वर मीठ आणि व्हिनेगर. त्यांच्या सगळ्या खाण्यात तेवढीच काय ती शुद्ध वस्तू."

इथपर्यंत कांचन नळाशी पोचलेली असायची. तिचा नवरा गुरुदत्त मात्र सोफ्याच्या कडेला बसून त्या विनोदांना मान डोलवायचा. त्या मान डोलवण्याचा तिला डॉक्टरांपेक्षा जास्त राग यायचा.

कारण ते पोटीस तिनेच शिजवलं होतं. लीड्सहून फार लांब नसलेल्या कीथली नावाच्या गावात गुरुदत्तचं चिप्सचं दुकान होतं. तो गेला होता लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी करायला. पुढे कोपऱ्यावरच्या दुकानाचा म्हातारा मालक थकला, तेव्हा साठवलेलं सगळं घालून त्याने ते दुकान घेतलं. घरात सोवळ्याओवळ्यात वाढलेला मुलगा आणि धंदा मासे तळायचा, म्हणून पुण्यातल्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडणाऱ्यांपैकी एकानेही कधी दमडी पाठवली नव्हती. दुकान खाली, बिऱ्हाड वर. कांचन रोज संध्याकाळी सोडा घालून वाटाणे भिजत टाकायची. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की बाया हातात वाडगी घेऊन, वर फडकी झाकून रांगेत उभ्या राहायच्या. थंडीने नाकं लाल झालेली, कानांत यंत्रांची घरघर, आणि तरी तोंडात चेष्टामस्करी. गरम वाटाणा, चिप्स आणि मासळीचा तुकडा एवढ्यावर त्या पुन्हा चार तास उभ्याने काम करायच्या. गंमत म्हणून कुणी ते खात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते चवीलाही चांगलं होतं. कांचनने ते चोरून नव्हे, चांगलं मिटक्या मारत खाल्लं होतं. ज्यांच्या जिवावर आपलं घर चाललं, त्यांच्या ताटाला हसणारा माणूस तिला नजरेसमोर नको व्हायचा.

मग गिरण्या बंद पडल्या, रांग संपली, दुकान विकलं. कांचनच्या भावाने, श्रीरामने, त्यांना अमेरिकेत बोलावून घेतलं. श्रीराम इंजिनिअर, मंडळाचा सेक्रेटरी, सज्जन आणि भित्रा. गुरुदत्तला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. डॉक्टर-इंजिनिअरांच्या त्या गर्दीत कॅन्टीनवाला तो एकटाच. लोक त्याच्याशी प्रेमाने वागत. घरी टेबल सरकवायला आलेल्या माणसाशी वागावं तितक्या प्रेमाने.

डॉक्टरांना गप्प करायला कांचनला एक वाक्य पुरलं असतं. यॉर्कशरमध्ये चिप्स तेलात तळतच नाहीत. गाईच्या चरबीत तळतात. ड्रिपिंग म्हणतात तिला. खोक्यांतून पांढऱ्या वड्या यायच्या, त्या वितळवून कढया भरायच्या. गुरुदत्तने सुरुवातीला तेल वापरून पाहिलं होतं. गिऱ्हाइकांनी पुडे परत आणून काउंटरवर ठेवले आणि पुढच्या गल्लीतलं दुकान धरलं. चार दिवसांत सोवळं गुंडाळून ठेवावं लागलं. लीड्सचे चिप्सही त्याच वाटेचे. म्हणजे आईला वचन दिलेले डॉक्टर चार वर्षं रोज कागदाच्या पुड्यातून काय खात होते, हे कांचनला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

तरी ती गप्प राहायची. कारण एकच, आणि ते कारण मागच्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेलं असायचं.

गुरुदत्तचे वडील गेले आणि माई, म्हणजे कांचनच्या सासूबाई, कीथलीला आल्या तो हिवाळा वाईट होता. माईंची अन्नावरची वासनाच उडाली होती. कांचन वरणभात करायची, मऊ खिचडी करायची. दोन घास झाले की ताट बाजूला. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. त्यात सोमवार, एकादशी, चतुर्थी काही सुटत नव्हतं. अशाच एका एकादशीला, खालच्या वासाने की काय कोण जाणे, माई जिना उतरून दुकानात आल्या. रांगेत एल्सी नावाची गिरणीतली दणकट बाई उभी होती. तिने आपला पुडा पुढे केला आणि मानेनेच सांगितलं, घ्या. माईंनी एक चिप उचलली. मग दुसरी. बटाटा उपासाला चालतोच, मीठही चालतं. कांचन हातात झारा घेऊन कढईशी उभी होती. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण माईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. कितीतरी दिवसांनी माई चवीने खात होत्या.

पुढच्या उपासाला माईंनी मागून घेतले. कांचनने शेंगदाण्याच्या तेलात वेगळे तळून दिले, तर माई म्हणाल्या, "हे नाही गं. दुकानातले आण." पांढऱ्या वड्या पाहून त्यांनी मुलाला एकदा विचारलंही होतं, "हे इकडचं डालडा का रे?" गुरुदत्त खोकं उघडता उघडता म्हणाला, "तसंच काहीतरी." झालं. माईंच्या अंगावर मांस चढलं, बोलायला लागल्या, एल्सीशी खुणांनी गप्पा मारायला लागल्या. आणि दर एकादशीला, दर चतुर्थीला, देवाला हात जोडून त्या माउलीने गाईच्या चरबीतले चिप्स खाल्ले. हे जिवंत माणसांत दोघांनाच माहीत होतं. तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, असं दोघांनी कधीच ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नव्हती.

शहाऐंशी सालचा गणपती मंडळाने एका शाळेच्या कॅफेटेरियात बसवला. दुर्वा म्हणून कुणाच्या तरी लॉनवरचं गवत आणलं होतं, ते माई खुर्चीवर बसून निवडत होत्या. दीडशे माणसांचा स्वयंपाक घरोघरी वाटून दिला होता, पण तळण कुणी घेईना. तेव्हा गुरुदत्त म्हणाला, वडे मी करतो. कांचनने पाहिलं, किती दिवसांनी त्याने कशासाठी तरी स्वतःहून हात वर केला होता. नैवेद्याचे म्हणून कांदा-लसूण वगळलेले बटाटेवडे. पहाटे उठून आंघोळ करून, नवी कढई, नवं तेल. शाळेच्या किचनमध्ये तो चार कढया एकदम सांभाळत होता आणि एकही वडा करपत नव्हता. बायका बघायला येत होत्या. कीथली सोडल्यापासून त्याची पाठ इतकी ताठ कांचनने पाहिली नव्हती.

नैवेद्याचं पान वाढायला घेतलं. मोदक, वरणभात, कोशिंबीर, पुरी. गुरुदत्तने स्वतः दोन वडे आणून पानाच्या डाव्या बाजूला ठेवले. रेशमी सोवळं नेसलेले डॉक्टर खाली वाकले आणि दोन बोटांनी ते वडे उचलून बाजूच्या पेपर प्लेटमध्ये ठेवले.

"गुरुदत्तराव, डोन्ट माइंड हं. वडे जेवणात ठेवू. लोक एन्जॉय करतीलच. नैवेद्यात नको."

"कांदा-लसूण नाहीये त्यात, डॉक्टर."

"त्याचं नाही हो." डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहून हसून घेतलं. "इतकी वर्षं माशांच्या कढईत गेलेले हात आहेत. त्या लोकांचं ते खाणं, तो वास... देवाला तरी सुटी देऊ या की त्यातून."

पाचसहा जण हसले. श्रीराम समईची वात सारखी करायला लागला. ती आधीच सारखी होती. आणि गुरुदत्तने मान डोलवली. नेहमीसारखीच, बेसमेंटमध्ये डोलवायचा तशी. मग ती पेपर प्लेट उचलून तो किचनकडे वळला.

त्या डोलवलेल्या मानेने घात केला. कांचनच्या डोळ्यांपुढे लाल झालं.

"डॉक्टर, लीड्सला चिप्स कशात तळलेले खात होतात?"

"काय?"

"चार वर्षं. ओन्ली चिप्स. कशात तळलेले?"

"तेलात. कशात म्हणजे?"

"तेल? यॉर्कशरात?" ती हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "ड्रिपिंगमध्ये. बीफ ड्रिपिंग, डॉक्टर. गाईची चरबी. वितळवून कढई भरतात. तुम्ही आईला दिलेलं वचन रोज व्हिनेगर शिंपडून खात होतात. ज्यांच्या ताटाला पोटीस म्हणून हसता ना, ती माणसं निदान आपण काय खातोय ते जाणून खात होती!"

पद्मिनीताई नवऱ्यापासून अर्धं पाऊल सरकल्या. डॉक्टरांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता, आणि कांचनला, खोटं कशाला सांगा, अगदी गार वाटलं. अमेरिकेतल्या तीन वर्षांचा राग एका घोटात वसूल झाला होता. आणखी दोन सणसणीत वाक्यं जिभेवर तयार होती.

"कांचन," गुरुदत्त म्हणाला. तो डॉक्टरांकडे पाहत नव्हता. खुर्चीकडे पाहत होता.

माईंच्या मांडीवर दुर्वांची परडी होती. त्यांचे हात थांबले होते.

"कांचन," माई म्हणाल्या. आवाज साधाच, भाजीचं विचारावं तसा. "मग मी काय खात होते गं?"

हे कांचनला सुचायला हवं होतं. दहा वर्षं तिने हे वाक्य दाताखाली धरून ठेवलं ते याच्याचसाठी, आणि आज दोन वड्यांपायी सोडून दिलं. आता दोनच वाटा होत्या. आपल्या शब्दावर उभं राहायचं, आणि सत्तरी उलटलेल्या या बाईला दीडशे लोकांत सांगायचं की तुमचे सगळे उपास तसले होते. नाहीतर शब्द गिळायचा, आणि डॉक्टरांच्या पायाशी लोळण घ्यायची.

"तेलातलेच होते, माई." तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "आपल्याकडे तेलच होतं. मी रागात काहीही बोलले."

डॉक्टर बुडत्याने काडी धरावी तसे पुढे झाले. "एक मिनिट. म्हणजे लीड्सलाही?"

कांचनने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. हा माणूस उत्तर ऐकायला नव्हे, मागायला उभा होता.

"लीड्सलाही तेलच," ती म्हणाली.

"चरबी वगैरे काही नाही?"

"नाही."

"बघा!" डॉक्टर सगळ्यांकडे वळले. रंग परत आला होता, आवाजही. "देवापुढे, सणाच्या दिवशी, इतकं खोटं! माझ्या आईचं नाव घेऊन! आय थिंक तुम्ही माफी मागायला हवी, कांचनबाई. माझी नाही, देवाची मागा. आणि माझीही मागा."

श्रीरामने डोळ्यांनीच विनवलं, माग बाई, संपव. कांचनने हात जोडले. "चुकलं माझं, डॉक्टर."

"इट्स ओके. रागात माणूस बोलून जातो," डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले आणि त्यांनी घंटा उचलली. आरती दणक्यात झाली. डॉक्टर सगळ्यात मोठ्याने म्हणत होते. मग पंगत बसली आणि वड्यांवर अशी झुंबड उडाली की पहिली परात मिनिटात रिकामी. डॉक्टरांनी चार खाल्ले. पुन्हा मागितले. आणि तिसऱ्या टेबलावरून त्यांचा आवाज आलाच, "पण वाटाण्याचं ते पोटीस मात्र खरं हं!" लोक हसले. मघापेक्षा जास्तच हसले, कारण सगळ्यांनाच हसायचं होतं.

माई पंगतीत नव्हत्या. कांचन कागदी ताटलीत मोदक घेऊन शोधत बाहेर आली, तर त्या पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून उभ्या होत्या. ऊन चांगलं होतं, तरी पदर अंगभर घट्ट लपेटून घेतला होता.

"माई, प्रसाद."

माईंनी हात पुढे केला नाही.

"तू त्या माणसाची माफी मागितलीस, तेव्हाच मला कळलं," त्या म्हणाल्या. "तुला काय आज ओळखते? बोललेलं खोटं असतं, तर तू एक वेळ भांडत बसली असतीस, पण त्याच्यापुढे हात जोडले नसतेस. माझ्यासाठी जोडलेस."

कांचनने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण एका दिवसात किती खोटं बोलणार?

"माई, तुम्ही जेवत नव्हतात," ती म्हणाली, आणि तिला रडू यायच्या ऐवजी संताप आला, स्वतःचा, डॉक्टरांचा, या उभ्या म्हातारीचाही. "मरायला टेकला होतात. त्या चिप्सवर जगलात तुम्ही. एल्सीच्या पुड्यातल्या. काय करायला हवं होतं आम्ही?"

"विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात!"

"म्हटलं असतं," माई म्हणाल्या. "मेलेही असते कदाचित. पण जगायचं की नाही ते माझं मी ठरवलं असतं. एल्सीला माझं काही माहीत नव्हतं. जे तिच्याजवळ होतं ते तिने भुकेल्याला दिलं, तिचा मला राग नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं."

आतून टाळ्यांचा आवाज आला. कार्यक्रम सुरू झाला असावा. गुरुदत्त किचनच्या मागच्या दाराने बाहेर आला, हातात रिकामी परात घेऊन. आईचा चेहरा पाहिला आणि दारातच थांबला. पुढे यायची त्याची हिंमत झाली नाही.

"आत कुणाला काही सांगू नकोस," माई म्हणाल्या. "त्या डॉक्टरला खोटं हवं होतं, त्याला मिळालं. पचेल त्याला."

"आणि तुम्हाला?"

माईंनी ताटलीतल्या मोदकाला वाकून नमस्कार केला, पण उचलला नाही.

"उद्यापासून माझं मी शिजवीन. तुझ्या हातचं नको." मग क्षणभर थांबून, मुलाकडे न बघता, "त्याच्याही हातचं नको. आता मला घरी सोडा."

गुरुदत्तने परात खाली ठेवली आणि खिशात किल्ल्या चाचपू लागला. कांचन मोदकाची ताटली धरून तशीच उभी राहिली.